आश्रय आणि आश्रयी

आयुर्वेदाच्या अभ्यासकास आश्रय-आश्रयी भाव परिचित आहे. वायू अस्थीच्या, पित्त रक्त व स्वेदाच्या, तर कफ उर्वरित धातू व मलांच्या आश्रयाने राहतो. त्यामुळे आश्रयस्थानातील बदलाचा परिणाम आश्रयीवर होतोच. आपल्या व्यवसायालाही हा विचार लावून पाहण्याची वेळ आज आली आहे.

पूर्वी वैद्यास राजाश्रय असे. आज रुग्णांच्या भेटीच्या वेळा एखाद्या ॲपवर ठरतात, औषधे ऑनलाइन बाजारपेठेतून विकली जातात आणि प्रसिद्धी समाजमाध्यमांतून होते. या सोयींमुळे लहान गावातील वैद्यही दूरच्या रुग्णापर्यंत पोहोचू शकतो, हे मान्यच केले पाहिजे. परंतु तेथील नियम, दर आणि क्रम ठरविणारा मालक दुसराच असतो. 29 जून 2020 रोजी केंद्र शासनाने टिकटॉकसह 59 ॲपवर बंदी घातली, तेव्हा त्यांवर प्रेक्षकवर्ग जमविलेल्यांचे माध्यमच नाहीसे झाले. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास ठप्प झाले होते. दोन्ही वेळी वापरणाऱ्यांचा काहीही दोष नव्हता.

या संदर्भात औंध संस्थानचा इतिहास बोधप्रद आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगरांचा कारखाना प्रथम बेळगावात होता. तेथील नगरपालिकेच्या धोरणामुळे त्यांना जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आश्रय दिला आणि 1910 साली कुंडल रोड स्थानकाजवळील 32 एकर ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे स्वाध्याय मंडळही औंधमध्येच नावारूपास आले.

1948 साली औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि तो राजाश्रय संपला. तरीही किर्लोस्करवाडीचा कारखाना चालू राहिला, कारण त्याचा ग्राहक संस्थानाच्या सीमेबाहेरही दूरवर पसरलेला होता आणि यंत्रविद्या त्याची स्वतःची होती. त्याच वर्षी पंडितजींनी औंध सोडले व गुजरातेतील पारडी येथे कार्य चालू ठेवले. त्यांची विद्वत्ता, ग्रंथ आणि ठिकठिकाणचा वाचकवर्ग ही त्यांची ठेव कोणत्याही एका गावाशी बांधलेली नव्हती. आश्रय दोघांनीही कृतज्ञतेने स्वीकारला होता. मात्र आपले मूळ भांडवल त्यांनी आश्रयदात्याच्या स्वाधीन केले नव्हते.

वैद्याचे मूळ भांडवल कोणते? चिकित्साकौशल्य, औषधांची गुणवत्ता, रुग्णांच्या नोंदी आणि रुग्णांचा विश्वास. यांपैकी नोंदींकडे आपले सर्वाधिक दुर्लक्ष होते. प्रकृतिपरीक्षण, निदान, औषधयोजना, अनुपान व पथ्य यांची माहिती केवळ ॲपवरच असेल, तर खाते बंद होताच अनेक वर्षांचा अनुभव आपल्याला दुरावतो आणि अर्धवट चिकित्सा झालेला रुग्ण निराधार होतो. आयुर्वेद, सिद्ध व युनानी चिकित्सकांसाठी 2020 साली प्रसिद्ध झालेल्या दूरचिकित्सेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसारही सल्ल्याच्या नोंदी जतन करणे हे चिकित्सकाचेच कर्तव्य आहे.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. प्रत्येक रुग्णपत्रकाची प्रत आपल्या चिकित्सालयात सुरक्षित ठेवावी. रुग्णाच्या संमतीने त्याचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक स्वतंत्रपणे नोंदवावा. स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ असावे. करार करण्यापूर्वी दलाली, खाते बंद करण्याच्या अटी आणि माहितीवरील अधिकार बारकाईने वाचावेत. जाहिरातीचा मजकूर दुसऱ्याने लिहिला, तरी 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय अधिनियमाचे भान आपणच ठेवावे. उत्पन्नाचा मोठा भाग एकाच माध्यमातून येऊ लागल्यास तो व्याधीच्या पूर्वरूपासारखा समजून वेळीच उपाययोजना करावी.

चिकित्सेच्या चतुष्पादांत भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी यांचा समावेश होतो. वैद्य आणि रोगी यांची गाठ घालून देणाऱ्या माध्यमाचा उपयोग जरूर करावा. परंतु उद्या ते नसले तरी रुग्णाला आपला वैद्य कोठे भेटेल हे ठाऊक असावे, एवढी व्यवस्था प्रत्येकाने आजच करून ठेवावी.