पॅराग्लायडर : उड्डाण, निगा आणि संयम
(नागापूर परिसराच्या संदर्भात)

अहिल्यानगर शहरालगतच्या नागापूरच्या माळावर उभे राहून पाहिले, तर चैत्र-वैशाखातील दुपारी आकाशात घारी पंख न हलविता वर वर चढत असलेल्या दिसतात. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या उष्ण हवेच्या स्तंभात त्या घिरट्या घालीत असतात. माणसानेही याच स्तंभांचा आधार घेऊन, एंजिनाच्या साहाय्यावाचून तासन्‌तास आकाशात राहावे, ही कल्पना गेल्या काही दशकांत पॅराग्लायडर या साधनाने प्रत्यक्षात आणली आहे. हे साधन पिशवीत मावते, पाठीवर वाहून नेता येते, आणि थोड्या शिक्षणाने चालविताही येते. त्यामुळेच ते सोपे आहे असा एक गैरसमज होतो आणि तो जिवावर बेततो. पॅराग्लायडर सुरक्षित कशाने राहतो आणि कशाने राहत नाही, याचे शास्त्रीय विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. साधनाचे स्वरूप

अमेरिकेतील डोमिना जॅल्बर्ट यांनी १९६४ च्या सुमारास अनेक कप्प्यांचा, पुढून उघडा व मागून बंद असा कापडी पंख सिद्ध केला. पुढे १९७८ मध्ये फ्रान्समधील मियुसी या गावी बेतां, बोन व बोसाँ या तिघा छत्रीधाऱ्यांनी विमानातून उडी मारण्याऐवजी डोंगराच्या उतारावरून धावत जाऊन उड्डाण केले. आजच्या पॅराग्लायडिंगचा आरंभ सामान्यतः तेथून मानला जातो.

या पंखाचे वैशिष्ट्य असे की, त्याला सांगाडा नाही. सर्वसाधारण पंखाचे क्षेत्रफळ सुमारे २५ चौरस मीटर आणि वजन अवघे ४ ते ६ किलोग्रॅम असते. पुढील कडेच्या तोंडांतून हवा आत शिरते, कप्पे फुगतात आणि पंखाला आकार येतो. हा आकार टिकविणारा दाब किती असतो, हे पाहणे उद्बोधक आहे. समुद्रसपाटीवर ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर, या वेगाने जाणाऱ्या पंखावर हवेचा गतिजन्य दाब सुमारे ६१ पास्कल येतो. पाण्याच्या भाषेत सांगावयाचे तर हा केवळ ६ मिलिमीटर उंचीच्या स्तंभाचा दाब होय. वैमानिकाचा जीव ज्या पंखावर अवलंबून असतो, त्याचा ताठरपणा एवढाच. वेग गेला की दाब गेला, आणि दाब गेला की पंखाचे पुनश्च कापड झाले. या साधनाविषयीचे बहुतेक सर्व नियम या एका वाक्यातून निघतात.

२. येथे उडावे काय?

नागापूरच्या वाचकाच्या मनात पहिला प्रश्न हाच येणार. म्हणून त्याचे उत्तर प्रथम देणे इष्ट. शहराच्या आसमंतात डोंगरगणकडील टेकड्या आहेत, सलाबतखानाच्या कबरीचा, म्हणजे लोक ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतात तो, शहा डोंगर आहे. उताराचा सर्वस्वी अभाव आहे असे म्हणता येणार नाही. तथापि उतार दिसला म्हणून उड्डाणास जागा मिळाली, असे होत नाही. अहिल्यानगर हे चिलखती दलाचे केंद्र आहे. खारे कर्जुने गावाच्या नावावरून ज्यास के. के. रेंज म्हणतात ते लष्कराचे गोळाफेक-सरावाचे विस्तीर्ण क्षेत्रही याच भागात आहे. अशा प्रदेशातील आकाश मोकळे दिसते, परंतु ते मोकळे नसते. लष्करी व नागरी अधिकाऱ्यांची लेखी अनुमती असल्याखेरीज येथे पंख उचलणे हा केवळ कायद्याचा भंग नव्हे, तर जीवितालाही धोका आहे.

महाराष्ट्रात या क्रीडेची रूढ स्थळे म्हणजे मावळ तालुक्यातील कामशेत आणि साताऱ्याकडील पाचगणी. पावसाळा उलटल्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत तेथे उड्डाणे होतात. पावसाळ्यात होत नाहीत. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून भूमी, जल व वायू या तिन्ही क्षेत्रांतील उपक्रम चालविणाऱ्या संस्थांना नोंदणीचे बंधन घातले आहे. विद्यार्थ्याने शिक्षण घ्यावयाचे ते अशा नोंदणीकृत संस्थेकडे, मान्य उतारावर, शिक्षकाच्या नजरेखाली. गच्चीवरील पुस्तकी ज्ञान आणि जुना विकत घेतलेला पंख यांच्या बळावर हा अभ्यास होत नाही.

३. उंची, उष्णता आणि हवेची विरलता

पठारावरील हवेबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नागापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. प्रमाण वातावरणात या उंचीवरील दाब सुमारे ९३८ हेक्टोपास्कल असतो. तापमान ३८ अंश सेल्सिअस धरल्यास हवेची घनता घनमीटरला सुमारे १.०५ किलोग्रॅम येते. समुद्रसपाटीवरील प्रमाण मूल्य १.२२५ आहे. म्हणजे घनता सुमारे १४ टक्क्यांनी घटली. तेवढेच वजन तोलण्यासाठी पंखाला गतिजन्य दाब तोच लागतो. मग विरल हवेत तो मिळविण्यासाठी वेग सुमारे ८ टक्के अधिक हवा. समुद्रकिनारी ताशी ३६ किलोमीटरने उडणारा पंख येथे ताशी ३९ किलोमीटरने उडेल. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, निवांत हवेत उतरताना पायांवर येणारी ऊर्जा सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असेल. उड्डाणाची धावही त्याच मानाने लांबते. किनाऱ्यावर शिकलेल्या वैमानिकाला पठारावर ‘आज पंख जरा पळतो आहे’ असे वाटते, त्याचे कारण हे.

४. वाऱ्याची परीक्षा

पंखाचा स्वतःचा वेग ताशी ३६ ते ३९ किलोमीटर असताना समोरून तेवढाच वारा आला, तर जमिनीच्या दृष्टीने तो जागच्या जागी थांबेल. वारा त्याहून वाढला, तर पंख मागे ढकलला जाईल, आणि मागे असतो तो डोंगराच्या पाठीकडील घुसळलेला वारा. अशा भोवऱ्यांत हवेची दिशा क्षणोक्षणी पालटते आणि ६ मिलिमीटर पाण्याइतक्या दाबावर उभा असलेला पंख दुमडतो. यास्तव नवशिक्याने ताशी २० किलोमीटरहून अधिक वाऱ्यात, अथवा थोडक्याही वाऱ्यात झटके येत असतील तर, उडू नये. सरासरी वेगापेक्षा झटक्यांतील चढउतार अधिक घातक असतो.

नगरच्या माळावर फाल्गुनापासून दिसणाऱ्या वावटळी हा याचा ठळक पुरावा होय. शेतातील पाचोळा गरगरत वर जाताना मुले कौतुकाने पाहतात. परंतु जमिनीवर पसरलेला पंख आणि त्यास जोडलेला माणूस यांना वावटळ अकस्मात उचलून आपटू शकते. दुपारी ११ ते ४ ही वेळ घारींची. नवशिक्याची वेळ सकाळची अथवा उन्हे उतरल्यानंतरची. वळवाचे ढग क्षितिजावर चढू लागले, तर उड्डाणाचा विचार त्या दिवसापुरता सोडून द्यावा.

५. उड्डाणापूर्वीची तपासणी

अपघातांच्या कारणांत कापड फाटण्याला अल्प आणि विसरण्याला मोठे स्थान आहे. मांडीचे पट्टे न अडकविता धावलेला माणूस हवेत गेल्यावर आसनातून खाली घसरतो. ही चूक अनुभवी वैमानिकांच्याही हातून घडते, कारण बोलण्याच्या ओघात तपासणी मध्येच तुटते. म्हणून क्रम ठरलेला असावा व तो प्रत्येक वेळी आरंभापासून पाळावा : शिरस्त्राण आणि त्याचा पट्टा, मांडीचे व छातीचे पट्टे, दोन्ही कॅराबिनर बंद, राखीव छत्रीचे हँडल व पिना जागेवर, दोऱ्या मोकळ्या व गाठीवाचून, पंखाची पुढील कड उघडी, वारा समोरून, आणि अखेरीस आकाश रिकामे. कोणी मध्येच हाक मारली, तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा.

हवेत असताना पंखाची एक बाजू दुमडली, तर प्रथम दिशा सांभाळावी : शरीराचा भार उघड्या बाजूकडे टाकावा, तिकडील ब्रेक किंचितच ओढावा, आणि मग दुमडलेल्या बाजूचा ब्रेक एकदा खोल ओढून सोडावा. येथे घाबरून दोन्ही ब्रेक खोलवर ओढून धरणे ही नैसर्गिक, पण घातक प्रतिक्रिया आहे. कारण त्यामुळे आघातकोन वाढून उरलेला पंखही आपले उत्थापन गमावतो. पंख सावरत नसेल आणि उंची उतरत असेल, तर विलंब न करता राखीव छत्री फेकावी. युरोपीय मानकानुसार तिच्याने उतरण्याचा वेग सेकंदाला ५.५ मीटरहून अधिक असता कामा नये. हा वेग सुमारे दीड मीटर उंचीवरून मारलेल्या उडीइतका आहे. पाय मोडेल कदाचित, प्राण वाचतील.

६. निगा : कापड आणि दोऱ्या

पंखाचे कापड नायलॉनचे असून त्यावर पॉलियुरेथेन अथवा सिलिकोन यांचा लेप असतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हा त्याचा पहिला शत्रू, ओल हा दुसरा, आणि घर्षण हा तिसरा. उडून झाल्यावर पंख उन्हात पसरून गप्पा मारीत बसणे म्हणजे त्याचे आयुष्य फुकट घालविणे होय. ओला पंख घडी करून ठेवल्यास लेप विघटित होऊ लागतो. तो सावलीत, वाऱ्यावर सुकवावा. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत ठेवू नये. आमच्याकडील विशेष म्हणजे कुसळे आणि ज्वारीची धसकटे. कापणी झालेल्या शेतात उतरल्यावर पंख ओढीत आणू नये, उचलून आणावा. घडी घालण्यापूर्वी आत नाकतोडा राहिला नाही हे पाहावे. कोंडलेला नाकतोडा कापड कुरतडून वाट काढतो.

कापड सच्छिद्र झाले की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठीच्या प्रचलित यंत्रात ३८.५ चौरस सेंटिमीटर कापडातून, १० हेक्टोपास्कल दाबाखाली, पाव लिटर हवा जाण्यास किती सेकंद लागतात, हे मोजतात. नव्या कापडाला शेकडो सेकंद लागतात. हा काळ दहा-पंधरा सेकंदांवर आला, तर पंख निवृत्त करणे योग्य.

दोऱ्यांची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. बहुतेक भार पुढील रांगेतील दोऱ्यांवर येतो, म्हणून त्या ताणून लांबतात. मागील दोऱ्या भाराअभावी, ओल व उष्णता यांमुळे आखडतात. समजा, ७ मीटर लांबीच्या मागील दोऱ्या पुढील दोऱ्यांच्या मानाने केवळ २ सेंटिमीटर आखूड झाल्या आणि दोन्ही रांगांतील अंतर दीड मीटर आहे. तर आघातकोन सुमारे पाऊण अंशाने वाढतो. पंखाचा उपयुक्त कोनविस्तार मोजक्या अंशांचाच असतो. त्यातील पाऊण अंश वैमानिकाच्या नकळत खर्च झाला. असा पंख संथ होतो, उचलताना डोक्यामागेच रेंगाळतो आणि काही वेळा फुगलेल्या अवस्थेतही पुढे न जाता सरळ खाली बसू लागतो. दोरी तुटलेली नसते, कापड फाटलेले नसते, आणि तरीही साधन असुरक्षित झालेले असते. म्हणूनच बहुतेक निर्माते दोन वर्षांनी, अथवा १०० ते १५० तासांच्या उड्डाणानंतर, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, दोऱ्यांची लांबी व बळ आणि कापड यांची तज्ज्ञांकडून तपासणी सांगतात. राखीव छत्री वर्षातून निदान एकदा उघडून, हवा देऊन, पुन्हा नियमाप्रमाणे बांधून घ्यावी. उड्डाणाचे तास व उतरण्याच्या जागा यांची वही ठेवावी. ती वही नसेल, तर तपासणीची वेळ कधी आली हे कोणास सांगता येणार नाही.

उपसंहार

विमानाच्या बाबतीत सुरक्षिततेचा मोठा भाग यंत्रशाळेत ठरतो. पॅराग्लायडरच्या बाबतीत तो वैमानिकाच्या मनात ठरतो. पहाटे उठून, डोंगर चढून, पंख पसरून झाल्यावर वारा पालटला म्हणून तो पुन्हा घडी करून खाली येणे, हे या विद्येतील सर्वांत अवघड कौशल्य आहे. त्यासाठी टाळ्या पडत नाहीत. नागापूरच्या माळावरील घारही वारा अनुकूल होईपर्यंत बाभळीवर बसून राहते. तिचा तेवढा गुण आपण घेतला, तर उरलेले शास्त्र शिकण्यास आपणांस पुष्कळ वर्षे मिळतील.