गाढीचं पांढरं पाणी

नातवानं मुंबईहून येताना हवा भरायची रबरी होडी आणली होती. दोन वल्ही, एक हातपंप आणि दोन मित्र. ‘आजोबा, नेऱ्याला पोचलो की थेट नदी!’ जुलैचे दिवस. चार दिवसांच्या झडीनंतर त्या सकाळी लख्ख ऊन पडलं होतं आणि दगडांवरून फेसाळत जाणारी गाढी खरोखर देखणी दिसत होती. मलाही मोह झाला, हे कबूल करतो.

पोरं पंप मारत होती. जरा वरच्या अंगाला एक म्हातारा कातकरी पाग टाकून उभा होता. त्यानं एकाएकी जाळं आवरलं, काठावर चढला आणि जाता जाता म्हणाला, ‘पाणी येतंय. पोरांना वर घ्या.’ आभाळात ढग नव्हता. पोरं हसली. मी मात्र नातवाचा दंड धरला. पाऊण तासात ज्या खडकावर आमच्या चपला होत्या तो खडक दिसेनासा झाला. पाणी चहासारखं तांबडं. त्यात फांद्या, पाला, एक अख्खा ओंडका.

‘तुम्हाला कसं कळलं?’ मी मागाहून विचारलं. ‘गढूळ झालं. पाला यायला लागला.’ बस्स, एवढंच!

गाढीचं सगळं गणित डोंगरात आहे. माथेरानच्या रांगेत ती उगम पावते, गाढेश्वरजवळ देहरंगच्या धरणात अडते, पनवेलची तहान भागवते आणि नेऱ्यावरून खाडीकडे जाते. माथेरान आठशे मीटर उंच, आणि एवढ्या उंचीवरून खाडीपर्यंतचा प्रवास अगदी तोकडा. धरण भरलेलं असलं की वर कोसळलेला पाऊस थेट खाली येतो. नेऱ्यात ऊन आहे की नाही, याची तो चौकशी करत नाही. मी बँकेत तीस वर्षं काढली. खात्यात किती शिल्लक आहे हे न बघता चेक फाडणारे पुष्कळ पाहिले. पण तिथे निदान चेक परत येतो.

लाट दिसते, म्हणून आपण लाटेला भितो. खरं भय दुसरीकडे असतं. पाण्यात आडव्या पडलेल्या झाडातून पाणी आरपार जातं, माणूस अडकतो. आणि बंधाऱ्याखाली पडलेलं पाणी उलटून पुन्हा बंधाऱ्याकडेच वळतं. तिथे सापडलेला ओंडका तासन् तास गोल फिरताना मी पाहिलाय. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिथून सुटणं कठीण. गाढेश्वरला पावसाळ्यात पोलीस बंदी घालतात. बंदीचा फलक वाचून त्याच्याच शेजारी गाडी लावणारी कुटुंबंही मी पाहिली आहेत.

नातू हिरमुसला. म्हणून पुढच्या महिन्यात त्याला कोलाडला नेलं. कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं, तिथे. डोक्याला शिरस्त्राण, अंगात तरंगतं जाकीट, सोबत नदीतला दगड न् दगड ठाऊक असलेला वाटाड्या. नद्यांच्या फेसाळ टप्प्यांची एक ते सहा अशी प्रतवारी असते. इथले बरेचसे टप्पे दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचे. आणि हे पाणी बरंचसं वेळापत्रकानं येतं! मुळशीचं पाणी घाटावरून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, जनित्रं फिरवतं आणि मग कुंडलिकेला मिळतं. एरवी हेच पाणी मुळा-भीमेतून कृष्णेला मिळून पार बंगालच्या उपसागराला गेलं असतं. वीजघर १९२७ सालचं. त्याच्या धरणाखाली गावं बुडाली, म्हणून १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह लढवला. तराफ्यात बसून हे सांगायला लागलो तर नातू म्हणाला, ‘आजोबा, आधी दोरी धरा!’ पुढच्याच क्षणी तोंडात पाणी गेलं आणि इतिहास तिथेच थांबला.

ती रबरी होडी नोव्हेंबरात, नदी निवळल्यावर, आम्ही नेऱ्याला गाढीत घातली. दहा-पंधरा हात गेली आणि गोट्यांवर बसली. पुढचा सगळा प्रवास मग तिनंच आमच्या खांद्यावरून केला.