सरासरीत कांबळी सचिनच्या वर? स्टॅट्सगुरूला प्रश्न विचारायचा कसा

पनवेलहून सीएसएमटीला जाताना गर्दीत इअरफोन काढून खिशात घालावे लागतात, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. तर या भागाचा मजकूर खास तुमच्यासाठी. बोलताना जसं निघालं तसंच बरंचसं ठेवलंय.

आजचा विषय आहे एक फॉरवर्ड. तुम्हाला पण आला असेल: ‘कसोटी सरासरी – विनोद कांबळी 54.20, सचिन तेंडुलकर 53.78. विचार करा.’ खाली दोन अग्नीचे इमोजी. यातला गमतीचा भाग असा, की दोन्ही आकडे शंभर टक्के खरे आहेत. खोटा आकडा पकडणं सोपं असतं. इथे आकडे खरे असूनही फसवणूक होतेय, आणि ती कशी होते ते कळलं की मोठा डेटाबेस कसा वापरायचा हे अर्ध्याहून जास्त कळलं.

आधी साधन बघू. ईएसपीएन क्रिकइन्फोवर स्टॅट्सगुरू नावाचं पान आहे. फुकट आहे, दिसायला जुनाट आहे, मोबाईलवर तर बोटांचा व्यायामच होतो. पण आत पहिल्या कसोटीपासून म्हणजे 1877 पासूनचा सगळा आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा हिशेब आहे. कसोटी निवडा, फलंदाजी निवडा, मग खाली फिल्टरची लांबलचक रांग येते: संघ, प्रतिस्पर्धी, मायदेश की परदेश, तारीख, मैदान, निकाल.

काहीही न निवडता सरासरीने क्रम लावला तर काय होतं? ब्रॅडमन पहिला येईल असं वाटतं ना? 52 कसोटी, 6996 धावा, सरासरी 99.94. नाही येत. त्याच्या वर ऑस्ट्रेलियाचा कर्टिस पॅटरसन असतो, सरासरी 144. दोन कसोटी खेळला, 30 आणि नाबाद 114. त्याच्यानंतर वेस्ट इंडीजचा अँडी गँटॉम, सरासरी 112, कारण 1948 मध्ये एकच कसोटी, एकच डाव, 112 धावा. मशीनने चूक केली नाही. तुम्ही ‘किमान किती डाव’ हे सांगितलंच नाही.

ज्यांनी एसक्यूएल शिकलंय त्यांना हे लगेच कळेल, बाकीच्यांसाठी साध्या भाषेत. फिल्टर दोन जातीचे असतात. पहिली जात बेरीज करायच्या आधी लागते: कोणते सामने मोजायचे? फक्त परदेशातले, फक्त 1994 नंतरचे, वगैरे. त्याला व्हेअर म्हणतात. दुसरी जात बेरीज झाल्यानंतर लागते: तयार झालेल्या यादीतून कोणाला दाखवायचं? किमान 20 डाव खेळलेले, किमान 1000 धावा केलेले. ते हॅविंग. स्टॅट्सगुरूवर ही दुसरी जात क्वालिफिकेशन नावाच्या चौकटीत असते आणि माझ्या मते त्या पानावरची सगळ्यात महत्त्वाची चौकट तीच. लोक तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

आता कांबळीकडे. 17 कसोटी, 21 डाव, 1084 धावा. सचिनचे 200 कसोटी, 329 डाव, 15921 धावा. ‘किमान 20 डाव’ लावलं तर कांबळी यादीत आहे आणि सचिनच्या वर आहे. ‘किमान 25’ केलं की तो यादीतून गायब. म्हणजे ज्याने कोणी पहिल्यांदा 20 ही सीमा धरली, त्याने निकाल आधी ठरवून सीमा नंतर धरली असावी असा मला दाट संशय आहे. जाता जाता: 15921 ला 296 ने भागा, 53.787 येतं. साइट ते 53.79 करत नाही, तिसरा आकडा सरळ कापते. दोन वेबसाइटवर सरासरीत एका शतांशाचा फरक दिसला तर भांडू नका, बहुतेक हेच कारण असतं.

पण सीमा बदलून कांबळीला यादीतून घालवणं म्हणजे उत्तर नव्हे. खरी मजा तारखेच्या फिल्टरमध्ये आहे. शेवटची तारीख 31 डिसेंबर 1993 द्या. 7 कसोटी, 8 डाव, 793 धावा, सरासरी 113.28. त्यात वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध 224, लगेच दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध 227, मग श्रीलंकेत 125 आणि 120. आता उलटं करा, 1 जानेवारी 1994 पासून पुढे. 13 डाव, 291 धावा, सरासरी 22.38. एकच माणूस, दोन वेगळे फलंदाज. 54.20 हा आकडा या दोघांपैकी कोणाचाच नाही.

अजून खोल जायचं असेल तर एकत्रित आकड्यांऐवजी एकेका डावाची यादी मागवा, तशी सोय आहे. 1994 ची वेस्ट इंडीजविरुद्धची मालिका उघडा: 40, 0, 0, 6, 18, 0. शेवटची कसोटी नोव्हेंबर 1995, कटक, तेव्हा वय 23. बरेच फलंदाज या वयात अजून संघाच्या दारात उभे असतात. त्याला आणखी संधी मिळायला हवी होती का, हे तुम्ही कट्ट्यावर ठरवा; डेटाबेसमध्ये त्यासाठी फिल्टर नाही.

आणि कोणते सामने मोजायचे याचाही एक भन्नाट नमुना. राहुल द्रविडच्या कसोटी धावा किती? 13288. भारतासाठी किती? 13265. मधल्या 23 धावा त्याने 2005 मध्ये सिडनीला विश्व एकादशकडून खेळताना केल्या. संघ म्हणून भारत निवडलात की त्या निघून जातात.

बेसबॉलवाल्यांकडे तर याच प्रश्नाने इतिहास हलवला. अमेरिकेत एकेकाळी कृष्णवर्णीय खेळाडूंच्या लीग वेगळ्या होत्या. त्यांचे आकडे 2024 मध्ये मुख्य लीगच्या अधिकृत नोंदीत मिळवले गेले आणि कारकिर्दीच्या सरासरीत टाय कॉबच्या .367 वर जॉश गिब्सनचे .372 आले. गिब्सन 1947 सालीच वारला होता. मैदानात एकही नवा चेंडू पडला नाही, फक्त मोजायचं काय ते बदललं.

आपल्याकडे हा प्रश्न अमोल मुजुमदारला लागू होतो. 1988 मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमकडून सचिन नाबाद 326, कांबळी नाबाद 349, भागीदारी 664. पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा म्हणजे अमोल. स्टॅट्सगुरूवर सचिन मिळेल, कांबळी मिळेल, अमोल मिळणार नाही. तो आंतरराष्ट्रीय सामना खेळलाच नाही. ते 664 पण मिळणार नाहीत, शालेय क्रिकेट तिथे येत नाही. अमोलसाठी प्रथम श्रेणीचे आकडे बघावे लागतात. ते क्रिकेटआर्काइव्हवर असतात, पण पैसे भरून. तिथे 11167 धावा दिसतात, आणि रणजी पदार्पणातल्या 260, ज्या तेव्हाचा विश्वविक्रम होत्या. तसेच पद्माकर शिवलकर: 589 प्रथम श्रेणी बळी, कसोटी शून्य. भाऊसाहेब निंबाळकर: 1948 मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद 443, कसोटी शून्य. स्टॅट्सगुरूवर नाव सापडलं नाही म्हणून माणूस किरकोळ ठरवू नका, आधी तुम्ही कोणतं कपाट उघडलंय ते बघा.

कोडिंगवाल्यांसाठी घाईत एक गोष्ट. क्रिकशीटवर आयपीएलच्या 2008 पासूनच्या सामन्यांचा चेंडूगणिक डेटा जेसनमध्ये फुकट मिळतो. पायथनने उघडा आणि स्ट्राइक रेट काढा, पण वाइड चेंडू फलंदाजाच्या खात्यात धरू नका. नोबॉल मात्र धरा. आणि बाद झालेला प्रत्येक वेळी स्ट्राइकवरचाच असेल असं समजू नका, रनआउटमध्ये पलीकडचाही जातो. बाद कोण झालं याची नोंद वेगळी असते, ती वाचा.

बरं, आता तुमचं काम. स्टॅट्सगुरू उघडा, कसोटी, भारत, सरासरीने क्रम. किमान डाव आधी 10, मग 20, मग 50 करा आणि प्रत्येक वेळी वरचे पाच जण लिहून ठेवा. मग ज्या ग्रुपवर तो फॉरवर्ड आला होता तिथे तिन्ही याद्या टाका. काय उत्तरं आली ते मला नक्की कळवा, मजेशीर असतील ती पुढच्या भागात वाचून दाखवतो.