पुढची बस किती वाजता?

संध्याकाळी पाचला शाळा सुटते. गावाकडे जाणारी एस. टी. साडेसहाला. मधला दीड तास मुले-मुली फाट्यावर काढतात. तालुक्याच्या गावी शिकवणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी हे दृश्य पाहिले असेल. यातल्या मुलींजवळ पास असतो, कारण महाराष्ट्रात पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एस. टी.चा प्रवास मोफत आहे. मग या प्रवासाची किंमत शून्य आहे, असे म्हणायचे का?

वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. एखादी मुलगी बहुधा म्हणेलच, "पण सर, दीड तास जातो ना!" तिचे उत्तर बरोबर आहे. प्रवासाची किंमत म्हणजे तिकीट अधिक वेळ. वाहतुकीच्या अर्थशास्त्रातली बरीच गुंतागुंत या दुसऱ्या भागात लपलेली आहे.

आधी पुरवठ्याकडे पाहू. किराणा दुकानात आज न खपलेली साखर उद्या विकता येते. बसमधली रिकामी जागा मात्र गाडी सुटली की संपली; ती साठवून ठेवता येत नाही. शिवाय गाडीत पाच माणसे असोत की पन्नास, चालक-वाहकांचा पगार, टायरची झीज आणि जवळजवळ सगळे डिझेल तेवढेच लागते. खर्च होतो तो फेरीचा, प्रवाशाचा नव्हे. म्हणूनच एस. टी.त भारमानाला, म्हणजे उपलब्ध जागांपैकी किती भरल्या याला, एवढे महत्त्व.

आता थोडे गणित करू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत. समजा, एका मार्गावर दिवसाच्या बारा तासांत १०० प्रवासी येतात. एका फेरीचा खर्च १२०० रुपये. माणसाच्या एका तासाचे मोल ५० रुपये धरू. पाच फेऱ्या असतील तर दोन गाड्यांत सुमारे २ तास २४ मिनिटांचे अंतर राहील, आणि केव्हाही येणाऱ्या माणसाला सरासरी त्याच्या निम्मे, म्हणजे १ तास १२ मिनिटे थांबावे लागेल. शंभर जणांचे मिळून १२० तास, म्हणजे ६००० रुपये. फेऱ्यांचा खर्चही ६०००. एकूण १२,०००. चार फेऱ्या केल्या तर एकूण खर्च १२,३०० होतो, सहा केल्या तर १२,२००. म्हणजे पाच फेऱ्या सर्वांत किफायतशीर. मुलांकडून याचा आलेख काढून घ्यावा. दरीच्या तळाशी पाच येतो.

आता प्रवासी चौपट, ४०० झाले असे समजा. पुन्हा तेच गणित केले तर दहा फेऱ्या योग्य ठरतात. प्रवासी चौपट, फेऱ्या दुप्पट. एकूण खर्च २४,०००, म्हणजे माणशी ६० रुपये. आधी तो माणशी १२० होता! गाडीही आता अधिक भरलेली, आणि प्रत्येकाचे थांबणे निम्मे. नव्याने आलेल्या प्रवाशांमुळे जुन्यांचा फायदाच झाला. हर्बर्ट मोहरिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली शहरी बससेवेच्या संदर्भात हे दाखवून दिले.

कोणी म्हणेल, खेड्यातला माणूस वेळापत्रक पाहूनच घराबाहेर पडतो. खरे आहे. पण मग तो घरी थांबतो, किंवा काम आटोपल्यावर तालुक्याच्या बाजारात. वेळ जायचा तो जातोच.

हेच चाक उलटेही फिरते. काही जण मोटारसायकल घेतात, काही वडापच्या जीपमध्ये बसतात. भारमान घटते म्हणून एक फेरी बंद होते. उरलेल्यांचे थांबणे वाढते, म्हणून आणखी काही जण जातात. शेवटी राहतात ज्यांना दुसरा पर्यायच नाही असे लोक: म्हातारी माणसे, विद्यार्थी. ऑक्टोबर २०२१च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एस. टी. संपाच्या काळात या लोकांचे काय झाले, हे ग्रामीण शाळांतल्या शिक्षकांना सांगायला नको.

गर्दीच्या रस्त्याचा न्याय मात्र नेमका उलटा. तिथे नवे वाहन आले की आधीच्या सगळ्यांना थोडा थोडा उशीर होतो, आणि त्या उशिराचे पैसे नव्याने येणारा देत नाही. स्टॉकहोममध्ये २००६ साली जानेवारी ते जुलै शहराच्या मध्यभागात ये-जा करणाऱ्या मोटारींवर वेळेनुसार शुल्क लावून पाहिले. वाहने सुमारे एक-पंचमांशाने घटली. २००७ मध्ये ते शुल्क कायम झाले. म्हणजे गर्दीच्या रस्त्यावर वाहनाला किंमत लावणे शहाणपणाचे ठरू शकते.

मग अर्ध्या रिकाम्या बसचे तिकीट किती असावे? झ्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने १८४४ साली पुलाच्या उदाहरणावरून असाच प्रश्न सोडवला होता. पुलावर गर्दी नसेल तर आणखी एक माणूस गेल्याने खर्च जवळजवळ वाढत नाही. टोल लावला की काही जण परत फिरतात. त्यांचे नुकसान होते आणि त्यातून कोणालाच काही मिळत नाही. बसचेही तसेच. रिकाम्या जागेवर आणखी कोणी बसले तर खर्च नगण्य. आपल्या उदाहरणात शंभर प्रवाशांकडून फेऱ्यांचा पूर्ण खर्च वसूल करायचा तर तिकीट ६० रुपये; ज्याची ऐपत वीसच रुपयांची आहे तो घरी बसतो आणि जागा रिकामीच धावते. तिकीट वीस ठेवले तर बस भरते, पण तूट येते. ती तूट कोणीतरी भरून काढायला हवी. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या तिकिटात प्रवास सुरू झाला, तेव्हा फरकाची रक्कम राज्य सरकारने महामंडळाला द्यायची असे ठरले. ही रक्कम वेळेवर पोचली नाही तर तिकीट स्वस्त आणि गाड्या कमी, अशी अवस्था येऊ शकते. माझ्या मते गरीब प्रवाशाला महाग तिकिटापेक्षा न येणारी गाडी जास्त महाग पडते.

आता पुन्हा फाट्यावर येऊ. आठवडाभर मुलांकडून नोंद करून घ्या: कोण किती वाजता आले, गाडी किती वाजता आली, किती जण चढले, किती जण उभे राहिले. समजा, तीस मुले रोज दीड तास थांबतात. म्हणजे ४५ तास. साडेसहाची गाडी साडेपाचला सुटली तर त्यातले ३० तास वाचतात आणि डिझेलचा एक थेंबही जास्त लागत नाही. त्या गाडीने सहानंतर बाजार उरकून परतणारी माणसे किती, हेही त्याच वहीत मोजावे लागेल. त्यांचे तास वाढतील. आजूबाजूच्या शाळा एकाच वेळी सुटतात का, तेही पाहावे. त्या पाठोपाठ सुटल्या तर एकच गाडी दोन फेऱ्या करू शकते. हे आकडे घेऊन मुख्याध्यापकांनी आगारप्रमुखांना भेटावे. बोलायला नेमके काहीतरी हाताशी असेल.