सर, तुम्ही काय वाचता?

मिरजेच्या प्रत्येक बॅचमध्ये कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतंच. विचारणाऱ्याला वाटतं, सर दहा पुस्तकांची यादी देतील, आपण फोटो काढू आणि स्टेटसला टाकू. यादी मी देत नाही. एक किस्सा सांगतो, माझ्याच नुकसानीचा.

२०११च्या सुमाराला माझं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट होतं. तासगावकडे बेदाण्याला खोकी लागतात, सीझनला उसंत नसते. त्या काळात मी वाचायचो पण खूप. मोठी स्वप्नं बघा, पहाटे चारला उठा, यशस्वी लोकांच्या अमुक सवयी, असली पुस्तकं कपाटभर. एका पार्टीकडे माझे ३,४०,००० रुपये अडकले. फोन केला की एकच उत्तर, "पुढच्या सोमवारी नक्की." पुस्तकं म्हणत होती, सकारात्मक राहा, संबंध बिघडवू नका. राहिलो सकारात्मक. असे सोमवार तीन वर्षांहून जास्त गेले.

शेवटी वकिलांकडे गेलो. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. शेवटचा माल कधी दिला? आणि बाकी देणं आहे असं समोरच्याने कुठे लिहून दिलंय का? विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती संपायच्या आत समोरच्याने बाकी सहीनिशी मान्य केली, तर मुदत नव्याने सुरू होते. माझ्याकडे एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. फोनवरचे सोमवार कोण धरणार?

घरी येऊन आणखी शोधलं तेव्हा जास्तच चडफडलो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा २००६ पासून आहे. नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल दिला किंवा सेवा दिली, तर लेखी करार नसेल तिथे १५ दिवसांत पैसे द्यायचे. करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. (नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला मात्र हा फायदा मिळत नाही, हे लक्षात ठेवा. आणि उद्यम नोंदणी माल द्यायच्या आधी करा, भांडण झाल्यावर नाही.) चार पानांचा मजकूर. मी चौदा पुस्तकं वाचली होती, ही चार पानं नाही.

युनिट बंद झालं. पुस्तकं रद्दीत दिली, किलोवर.

आता मी काय वाचतो? सोमवारी सकाळी पहिला अर्धा तास उधारीची वही. वाचतो म्हणजे नुसती बेरीज बघत नाही. कोणाची बाकी ३० दिवसांची, कोणाची ६०, कोणाची ९० ओलांडली. कोण पूर्वी वेळेवर द्यायचा आणि आता हप्ते पाडायला लागलाय. वहीत माणसाचा स्वभाव दिसतो, फक्त रोज थोडं थोडं वाचलं पाहिजे. मग ऑर्डरचे कागद, बँकेचं स्टेटमेंट, भाडेकराराच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं.

मूळ कागद वाचायची ही खोड मिरजेला नवीन नाही. वासुदेवशास्त्री खरे इथल्या हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. नोकरी सांभाळून त्यांनी पटवर्धन सरदारांचं दप्तर चाळलं. मोहिमेवरची पत्रं, बातम्या, रोजचा व्यवहार. त्यातून निवडून १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापायला लागले. मोडीतले ते जुने गठ्ठे किती कंटाळवाणे असतील विचार करा! पण ज्यांनी काम केलं त्यांनी त्याच दिवशी काय लिहिलं, हे तिथेच सापडतं.

पुस्तकांपैकी मला किर्लोस्करांविषयीचं वाचायला आवडतं, त्यातही सुरुवातीची पानं. मिरजेहून पुण्याकडे जाताना किर्लोस्करवाडी लागते, तिथला कारखाना १९१० सालचा. पण लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर त्याआधी, बेळगावात असताना काढला होता. लोखंडाने जमीन नासते, असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. दोन वर्षं! मला त्या दोन वर्षांबद्दल वाचायचं असतं. नंतरचे हार-तुरे मी पटापट उलटतो. १९२० मध्ये त्याच वाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. नांगर करणाऱ्यांनी मासिक चालवायचं, ही कल्पनाच मला भारी वाटते. शंकररावांचं 'शंवाकीय' हे आत्मचरित्र लायब्ररीत मिळालं तर जरूर आणा.

रात्री झोपताना मात्र धंद्याचं काही नाही. बाबूराव अर्नाळकरांची एखादी रहस्यकथा. घरचे हसतात, हसू देत.

पुढच्या बॅचला येताना पेन नाही आणलं तरी चालेल, उधारीची वही आणा. पहिल्या तासाला ती प्रत्येकाने आपापली वाचायची, मोठ्याने नाही, मनात.