तोंडात तीन बोटं जातात का?

कॅन्सर म्हटलं की पूर्वी म्हातारपण आठवायचं. आता वर्ध्यात कॅन्सरच्या ओपीडीबाहेर तोंडाला रुमाल बांधून बसलेली तिशी-पस्तिशीची पोरं दिसतात. आपल्या जिल्ह्यातल्या कॅन्सर रुग्णांची नोंद सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज ठेवतं. त्या नोंदीत पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सर्वांत पुढे आहे. कारण शोधायला लांब जायला नको. चौकातल्या पानठेल्यावर ते पन्नीत घोटून मिळतं. खर्रा!

"ताई, गुटखा केव्हाच सोडला, आता फक्त खर्रा," असं पोरं अभिमानाने सांगतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पण खर्र्यात सुपारी, तंबाखू, चुना हेच तर असतं. नुसती सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये तिला कॅन्सरकारक ठरवलं. पाचवं शील दारूपुरतंच आहे असं समजून विहाराच्या ओट्यावरच पुडी सोडणारेही मी पाहते.

सुपारीने गालाच्या आतली त्वचा कडक होते. तिखट झोंबतं, मग तोंड उघडेनासं होतं. आपलीच तीन बोटं एकावर एक धरून दातांमध्ये घालून पाहा. जात नसतील तर खर्रा त्याच दिवशी बंद करा आणि सावंगीच्या दंत महाविद्यालयात तोंड दाखवा. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत गाठ असेल तरीही जा. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. तेव्हाच सापडला तर पूर्ण बरं होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

"सुरी लागली की पसरते," ही भीती घरोघरी आहे. तुकडा काढून तपासल्याशिवाय उपचार ठरत नाही, आणि त्याने कॅन्सर पसरत नाही. पसरतो तो जडीबुटीवाल्याकडे गेलेल्या महिन्यांत.

उपचार जवळच आहेत. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आणि वर्धा रोडवर जामठ्याची राष्ट्रीय कॅन्सर संस्था. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. भरती होण्याआधीच रेशन कार्ड, आधार घेऊन आरोग्यमित्राला गाठा; तुमचा उपचार त्या रुग्णालयात योजनेत बसतो का ते विचारा. हेल्पलाइन १५५३८८. आधी उसनवारीने पैसे भरून मग योजना शोधणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत.

गळती होते ती ऑपरेशननंतर. जखम भरली, माणूस बरा दिसतो, कापूस वेचणीला आलेला असतो, आणि शेक राहून जातो. गरज असेल तेव्हा तो शक्यतो ऑपरेशननंतर सहा आठवड्यांत सुरू व्हावा लागतो आणि साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतो. त्याआधी किडके दात दाखवून घ्या. मुंबईला टाटात पाठवलं तर डॉक्टरांकडून रेल्वेचा सवलतीचा फॉर्म भरून घ्या. स्लीपरमध्ये रुग्णाचं तिकीट माफ असतं, सोबत जाणाऱ्यालाही सूट मिळते.