औरंगाबादचे दोन वाटाडे

शहर पाहावयाचे म्हणजे त्याच्या इमारती पाहावयाच्या, अशी प्रवाशाची सर्वसाधारण समजूत असते. 2023 सालापासून छत्रपती संभाजीनगर हे नाव धारण करणाऱ्या औरंगाबादेस जो येतो, तो बिबीचा मकबरा पाहतो, पाणचक्कीच्या हौदाशी घटकाभर विसावतो आणि वेरूळच्या वाटेस लागतो. परंतु दगडचुन्याला जे सांगता येत नाही ते कवीला सांगता येते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात या एकाच शहरात दोन कवी नांदत होते: मराठीचा अमृतराय आणि उर्दूचा सिराज. त्यांना वाटाडे केले, की शहर निराळेच दिसू लागते.

हे शहर मुळातच अनेकांचे. मलिक अंबर या हबशी वजिराने 1610 साली खडकी गावी ते वसविले आणि उत्तरेकडील डोंगरांतले पाणी जमिनीखालच्या नळांनी घरोघरच्या हौदांपर्यंत खेळविले. औरंगजेबाच्या सुभेदारीत, 1653 च्या सुमारास, त्याचे औरंगाबाद झाले. मोगलांच्या छावणीबरोबर उत्तरेकडील शिपाई, कारकून, कारागीर आणि फकीर आले. भोवतालचा शेतकरी, व्यापारी व हरदास मराठी होताच.

अमृतराय (1698–1753) मूळचा साखरखेर्ड्याचा. औरंगाबादेत त्याने मध्वमुनीश्वरांचे शिष्यत्व पत्करले आणि कीर्तनकार म्हणून नाव मिळविले. ‘कटाव’ ही त्याची खास रचना. अनुप्रासांनी भरलेली ती धावती, लांबलचक ओळ टाळमृदंगाच्या साथीने ऐकावी, तेव्हाच तिचे तेज कळते. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की या मराठी हरिदासाने हिंदुस्थानीतही पदे रचली. कीर्तनास बसणाऱ्या मंडळीस ती बोली परकी वाटत नव्हती, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

सिराज (सुमारे 1715–1764) याची वाट वेगळी. बाराव्यातेराव्या वर्षीच त्याला वेड म्हणावे अशी भावावस्था प्राप्त झाली. सुमारे सात वर्षे तो खुलताबादेस बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याभोवती भटकत होता. भानावर आल्यावर त्याने शहरात गुरू केला, गझला लिहिल्या आणि गुरूच्या आज्ञेवरून ऐन तारुण्यात त्या लिहिणे थांबविलेही. सिराज म्हणजे दिवा. दौलताबादेवरून खुलताबादेस जाणारा रस्ता आजही तोच आहे; त्या वाटेने जाताना हा पोरसवदा दिवाणा आठवला, तर तो चढ नुसता चढ राहत नाही.

या दोघांच्या काव्यात दरवाजांची वा पेठांची यादी शोधू गेल्यास निराशाच पदरी येईल. शहर तेथे आहे ते भाषेच्या रूपाने. दखनीने मराठीपासून ‘नको’ घेतले, जोर देण्याचा ‘च’ही घेतला. उलट शहर, बाजार, दरवाजा, हौद हे फारसी-अरबी शब्द वगळून मराठी माणसाला या गावाचे वर्णन करून पाहू द्यावे; पहिल्याच वाक्यात तो अडखळेल.

1763 साली निजामाची राजधानी हैदराबादेस गेली आणि त्याच सुमारास सिराजही निवर्तला. दरबाराचे वैभव ओसरले, पण दोन्ही कवी मागे राहिले. मात्र निरनिराळ्या घरांत. मराठी घराला अमृतराय ऐकून ठाऊक असतो, सिराज नसतो. उर्दू घरात नेमके याच्या उलट. एके काळी एकाच डोंगराचे पाणी प्यालेल्या या दोघांमध्ये आज लिपीची भिंत उभी आहे. ही भिंत शहराच्या तटाहून चिवट असली, तरी सिराजच्या गझला आता देवनागरीतही वाचावयास मिळतात. मकबरा पाहून परतलेल्या प्रवाशाने त्या संध्याकाळी एक कटाव आणि एक गझल शेजारी शेजारी ठेवून मोठ्याने वाचावी. शहराचा जो अर्धा भाग पाहावयाचा राहून गेला होता, तो त्याला घरबसल्या भेटेल.